लोखंडाच्या कणाला कल्हई

'नॅनो' हा शब्द आता खेड्यापाड्यात कुणाला नवा राहिलेला नाही. २०२१ साली नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली खतांच्या दुकानात आली आणि शब्द घरोघर पोचला. त्या बाटलीचा पिकाला किती उपयोग होतो, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधी तरी लिहीन. पण दुकानदारांनी मात्र तो शब्द बरोबर उचलला. आज वाढवर्धकही नॅनो आणि कोंबड्यांचे टॉनिकही नॅनो! त्यातच कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी येते की, नॅनो कणांनी कर्करोग बरा होणार. मग गावातल्या बैठकीत खताचे बोलणे संपले की, हळूच कुणी तरी विचारते, "साहेब, हे खरं आहे का?"

शेतकरी बंधू-भगिनींनो, मी डॉक्टर नाही. शेतकीचा पदवीधर आहे. पण हे कण ज्या मालापासून आणि ज्या रीतीने करतात, त्यातला बराचसा भाग आपल्या ओळखीचा आहे. हिराकस आपण वापरतो, सामू आपण मोजतो आणि शिळ्या उसाचे काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. एवढ्या शिदोरीवर हा विषय समजण्यासारखा आहे.

प्रथम माप. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजारांची. आणि ज्या लोखंडी कणांविषयी आपण बोलणार आहोत, तो साधारण दहा नॅनोमीटरचा. म्हणजे तांबड्या पेशीपुढे हा कण हत्तीच्या पाठीवर बसलेल्या मुंगीसारखा.

इतके बारीक केल्याने काय साधते? एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा लोखंडाच्या भस्माचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ भरते सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या तुकड्यांत कापला, तर साऱ्या तुकड्यांच्या बाजू मिळून क्षेत्र होते सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! माल तेवढाच, वजन तेवढेच, पण पृष्ठभाग सहा गुंठ्यांचा. त्यामुळे या कणांच्या बाबतीत आत काय आहे यापेक्षा वर काय आहे, यालाच फार महत्त्व येते. शास्त्रज्ञांची निम्मी मेहनत कण करण्यात जाते आणि उरलेली निम्मी, किंबहुना जास्तच, त्याचा पृष्ठभाग बदलण्यात.

पृष्ठभाग बदलणे म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. दारावर कल्हईवाला यायचा. भाता लावून तो पितळी पातेले तापवी, नवसागर टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने एका हाताने पुसून घेई. पातेले पितळेचेच राही, पण त्यात आता ताक ठेवले तरी कळकत नसे. धातू तोच, वागणूक बदलली. लोखंडी कणाला प्रयोगशाळेत हीच कल्हई करतात. मात्र ती कथलाची नसते.

आता कण कसा करतात ते पाहू. निरनिराळ्या रीती आहेत, त्यांतली सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत सांगतो. लोखंडाची दोन प्रकारची मिठे घेतात. एक फेरसचे, आपला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, याच जातीचे. दुसरे फेरिकचे, बहुधा फेरिक क्लोराइड. अर्थात प्रयोगशाळेतला माल शुद्ध असतो, खताच्या पोत्यातला नव्हे. फेरसच्या एका रेणूस फेरिकचे दोन, हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. पाणी आधी उकळून किंवा त्यातून नायट्रोजन वायू सोडून त्यातली हवा काढून टाकतात. मग दोन्ही मिठे त्यात विरघळवतात. पिवळसर नारिंगी रंगाचे द्रावण होते. ते सत्तर-ऐंशी अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून जोराने ढवळत असतानाच त्यात अमोनिया सोडतात. द्रावणाचा सामू दहाच्या आसपास जातो आणि पाहता पाहता सगळे पाणी काळे कुळकुळीत होते. हा काळा साका म्हणजे मॅग्नेटाइट. लोहचुंबकाला चिकटणारे हे लोखंडाचे भस्म निसर्गात दगडांतही सापडते.

पाण्यातली हवा आधी का काढायची? हिराकसाचे पोते उघडे राहिले, तर वरचा थर तांबूस पिवळा पडतो, हे आपण पाहिले आहे. हवेतला प्राणवायू फेरसला फेरिक करतो. इथेही तेच घडते. प्रमाण बिघडते आणि काळ्याऐवजी तांबूस तपकिरी कण पदरात पडतात.

साका धुण्याची युक्ती मोठी मजेची आहे. भांड्याच्या तळाशी जोरदार चुंबक धरायचा. काळे कण तळाला ओढले जातात, वरचे पाणी ओतून द्यायचे. नवे पाणी घालायचे, हलवायचे, पुन्हा चुंबक. सामू सातवर येईपर्यंत असे करीत राहायचे. या कणांचा एक गुण असा की, चुंबक काढला की त्यांचे चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते. खिळा जसा चुंबकाला घासला की काही काळ स्वतःच चुंबक होऊन बसतो, तसे यांचे होत नाही. अंगातून जाताना ते एकमेकांना ओढून गोळे करू नयेत म्हणून हा गुण फार मोलाचा. आणि तो मिळतो केवळ बारीकपणामुळे.

तरीसुद्धा नुसते उघडे कण तसेच ठेवले, तर गुठळ्या होतातच. पिठल्याचे पीठ गरम पाण्यात एकदम टाकल्यावर होतात तशा. आणि समजा, न होता ते रक्तात सोडले, तरी दुसरी अडचण आहे. रक्तातली प्रथिने त्यांना लगेच चिकटतात. अशी प्रथिने चिकटलेली परकी वस्तू दिसली की, यकृतातल्या आणि प्लीहेतल्या राखणदार पेशी तिला गिळून टाकतात. काही मिनिटांत रक्त साफ! यात आणखी एक कात्री आहे. कण पाच-सहा नॅनोमीटरहून लहान असला, तर मूत्रपिंड त्याला लघवीवाटे बाहेर टाकते. फार मोठा झाला, तर प्लीहेच्या चाळणीत अडकतो. मधल्या मापाचा, न गुठळणारा आणि राखणदारांच्या नजरेत न भरणारा कण पाहिजे.

चुनखडीच्या जमिनीत आपण उसाला नुसता हिराकस टाकतो, तेव्हा लोह मातीत अडकून बसते आणि पानांवरचा केवडा हटत नाही. तेच लोह चिलेट करून दिले, म्हणजे सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून दिले, तर ते मुळापर्यंत पोचते. शरीरातली गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, पण तत्त्व जवळचे आहे: लोखंडाला वाटेत कुणी अडवू नये.

कल्हईचे प्रकार बरेच आहेत. सर्वांत साधा प्रकार सायट्रिक आम्लाचा. लिंबाला आंबटपणा देणारे हेच आम्ल. त्याच्या रेणूला तीन हात असतात असे समजा. काही हात कणाच्या लोखंडाला घट्ट धरतात, राहिलेले बाहेर पाण्यात असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. प्रत्येक कणावर सारखाच भार आल्याने कण एकमेकांना दूर लोटतात. गुठळी होत नाही आणि काळी शाई महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर असलेले ओलेइक आम्लही वापरतात. पण त्याची शेपटी तेलकट, त्यामुळे कण पाण्यात न मिसळता तेलात मिसळतो आणि पाण्यासाठी वर आणखी एक थर द्यावा लागतो.

दुसरा प्रकार डेक्स्ट्रानचा, आणि त्याची ओळख ऊस उत्पादकांना नकळत झालेली आहे. तोडलेला ऊस दोन-चार दिवस फडातच पडला की, टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू शिरतात आणि साखरेचा एक चिकट, बुळबुळीत पदार्थ करतात. साखर उतारा घटतो, रस गाळताना त्रास होतो. तो बुळबुळीत पदार्थ म्हणजेच डेक्स्ट्रान. कारखान्याचा हा शत्रू, पण दवाखान्याचा मित्र! तो साखरेच्याच रेणूंची लांब माळ असल्याने शरीर त्याला बऱ्यापैकी सहन करते. डेक्स्ट्रानचा लेप दिलेले लोखंडी कण यकृताचे चुंबकीय छायाचित्र स्पष्ट येण्यासाठी अमेरिकेत १९९६ पासून काही वर्षे वापरात होते. पुढे ते बंद झाले. तशाच जातीचा, साखरेपासून केलेल्या लेपाचा लोखंडी कण २००९ साली तिथे मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावर औषध म्हणून मंजूर झाला. म्हणजे कल्हई केलेले लोखंड माणसाच्या शिरेतून देणे ही केवळ कल्पना नाही.

तिसरा प्रकार पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा. बद्धकोष्ठाच्या काही पावडरींत हाच पदार्थ असतो. त्याच्या लांब धाग्यांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि कणावर जणू पाण्याची झूल पडते. प्रथिनांना चिकटायला जागा मिळत नाही, राखणदार पेशींना कण लवकर ओळखू येत नाही.

एवढे झाल्यावर लेपाच्या बाहेरच्या टोकाला दोन गोष्टी बांधायच्या. एक औषध, दुसरा पत्ता. पत्ता म्हणून बरेचदा फॉलिक आम्ल घेतात. गरोदर बायकांना लोहाबरोबर जी गोळी मिळते, त्यातलेच हे. अंडाशयाच्या व इतर काही कर्करोगांच्या पेशींवर फॉलिक आम्ल आत घेणारी दारे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यामुळे फॉलिक आम्ल लावलेला कण तिथे थांबेल आणि आत जाईल, अशी योजना. औषध अशा बंधाने बांधतात की, सामू उतरला की बंध सुटावा. रक्ताचा सामू ७.४ असतो. गाठीच्या आसपास तो सहसा सातच्या खाली असतो आणि पेशीच्या आतल्या पिशव्यांत पाचच्या जवळपास. आपण माती परीक्षणाच्या कार्डावर जो आकडा वाचतो, त्याच आकड्यावर हे कुलूप उघडते. मला तरी या साऱ्या प्रकारात ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते. मात्र कागदावर सुंदर असलेली योजना शेतात तशीच उतरते असे नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे? निरोगी मूत्रपिंडाच्या काही पेशींवरही तीच दारे असतात.

लोखंडी कणाचा आणखी एक उपयोग आहे, तो उष्णतेचा. चुंबकाची दिशा सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट केली, तर त्या क्षेत्रात सापडलेले कण तापतात. गाठ बेचाळीस ते सेहेचाळीस अंशांपर्यंत तापली, तर तिच्या पेशी मरतात किंवा किरणोपचाराला लवकर बळी पडतात. गिलख्रिस्ट नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली कुत्र्यांच्या लसिकाग्रंथींवर हे करून पाहिले होते. पुढे जर्मनीत यावर चिकाटीने काम झाले आणि मेंदूच्या एका जहाल कर्करोगासाठी या उपचाराला २०१० साली युरोपात परवानगी मिळाली. कण रक्तातून सोडत नाहीत, सुईने थेट गाठीत भरतात. गाठ उलटलेल्या ५९ रुग्णांचे निकाल २०११ साली प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या अनुभवाच्या मानाने आयुष्य काही महिन्यांनी वाढलेले दिसले; पण हा उपचार न घेतलेल्या रुग्णांचा तुलनेचा गट त्या चाचणीत नव्हता. पीक प्रात्यक्षिकात शेजारी नियंत्रण वाफा नसावा तसे. शिवाय दातांतले धातूचे भरण आधी काढावे लागे, आणि पुढे मेंदूचे चुंबकीय छायाचित्र नीट येत नसे. ते कण करणारी कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली.

मग बारीक कणांत भरलेली औषधे माणसाच्या उपयोगी पडलीच नाहीत का? पडली, आणि आजही पडतात. डॉक्सोरुबिसीन नावाचे जुने औषध हृदयाला इजा करते. ते चरबीच्या सूक्ष्म पिशवीत भरून, वर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची झूल चढवून केलेले औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. हृदयाची इजा कमी झाली. पण तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास नव्याने दिसू लागला. २००५ साली पॅक्लिटॅक्सेल हे औषध रक्तातल्याच अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांत घालून आले. ही औषधे आपल्या देशातही मिळतात आणि ज्याला लागू असतील त्याला डॉक्टर देतात. मात्र ती पत्ता लावलेली नाहीत. पत्ता लावलेल्या कणांच्या अनेक जाती उंदरांत छान चालल्या आणि माणसांवरच्या चाचणीत मागे पडल्या.

कारण समजून घेण्यासारखे आहे. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की, गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, म्हणून पाझरणाऱ्या असतात. घाईने काढलेला पाट जागोजाग झिरपतो, तसे कण तिथे झिरपून गाठीत साठतात. सगळ्यांच्या आशा यावर होत्या. पण माणसाच्या गाठी उंदरांच्या गाठींसारख्या एकसारख्या नसतात. काही पाझरतात, काही मुळीच नाही. २०१६ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले. टोचलेल्या दर हजार कणांपैकी गाठीपर्यंत पोचत होते साधारण सात. हजारात सात! भाताच्या खाचरात फेकलेल्या युरियातला निम्म्याहून अधिक नत्र वाया जातो, म्हणून आम्ही शेतकऱ्यांना बोल लावतो. इथे तर ९९३ कण भलतीकडेच. आता कुठल्या कणाला कसला लेप दिला, तर हे सातचे सत्तर होतील, यावर जगभर आणि आपल्या देशातल्या प्रयोगशाळांतही काम चालू आहे. एक घाण आणि दुसरी घाण हुबेहूब सारखी निघणे हीही मोठी डोकेदुखी आहे. चमचाभर कण चांगले जमले, तरी बादलीभर तसेच जमतात असे नाही. गुऱ्हाळवाल्याला हे लगेच पटेल.

हे सगळे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. गेल्या रब्बीत एका गावी हरभऱ्याच्या बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. नवऱ्याला तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झालेली आणि तीस वेळा किरणोपचार घ्यायला सांगितलेला. दहा झाले होते. तोंड आतून सोलून निघालेले, गिळवत नाही, म्हणून ते घरी परत आले होते. अशात कुणी तरी काळ्या पाण्याची बाटली दाखवली. "नॅनो लोह, रोज चमचाभर घ्यायचं, गळ्यात हा चुंबक बांधायचा. चाळीस हजार." ताईंनी दुभती गाय विकायची ठरवली होती. मला त्यांनी विचारले ते इतकेच, "साहेब, तुम्ही खतातलं नॅनो सांगता, हे तसलंच का?"

त्या बाटलीत काय होते, मी सांगू शकत नाही. पण आतापर्यंत वाचलेत, त्यावरून तुम्हीच पाहा. तोंडाने घेतलेले बारीक लोखंडी भस्म जठराच्या आम्लात पडणार. तिथे लेप टिकला नाही तर ते विरघळू लागणार आणि त्यातले थोडे अन्नातल्या लोहासारखे अंगी लागणार. जबड्यातल्या गाठीचा पत्ता त्याला कुणी दिला? आणि गळ्यातला चुंबक स्थिर. तो कणांना तापवू शकत नाही. त्याला सेकंदाला लाख वेळा दिशा बदलणारे यंत्र लागते, आणि तेही कण गाठीतच असतील तर. हे मी त्यांना पाटीवर खडूने काढून दाखवले. म्हटले, "ताई, गाय ठेवा. भाऊंना उद्याच्या उद्या परत न्या. किरणोपचारात खंड पडला की, राहिलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. गिळवत नाही हे तिथल्या डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे, नाकातून नळीने अन्नही देता येतं." त्या म्हणाल्या, "ते ऐकतील का?" मी म्हटले, "गाय विकणार होता तेही त्यांनी ऐकलंच होतं ना?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले, असे पुढे ग्रामसेवकांकडून कळले.

खऱ्या नव्या औषधाची चाचणी आपल्या देशात कशी चालते, तेही माहीत असावे. तिची नोंद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'सी.टी.आर.आय.' या नोंदवहीत करावी लागते. २००९ पासून हे बंधनकारक आहे आणि ती नोंदवही कुणालाही पाहता येते. रुग्णाला समजेल अशा भाषेत फायदे-तोटे लिहून, विचारायला वेळ देऊन मग त्याची सही घेतात. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते, आणि बाहेर पडला म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार मोफत करण्याची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे. तेव्हा कुणी 'नॅनो' म्हणून काही पुढे केले, तर नोंदणी क्रमांक मागावा आणि तो आपल्या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवावा. मुंबईचे टाटा रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आधीचे सगळे कागद, तपासणीच्या काचपट्ट्यांसह, एकाच पिशवीत घ्यावेत. योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, रुग्णालयाच्या दारातच बसलेला असतो.